‘सविस्तर उत्तर लिहा’ : एका प्रश्नाचा इतिहास

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘शाळेच्या आठवणी लिहून द्या’ असे सांगितले, तेव्हा मी एक सवलत मागून घेतली. गॅदरिंग, सहली आणि मधल्या सुट्टीतील चिंचा-बोरे यांवर इतर जण माझ्यापेक्षा रंगवून लिहितील. मी याच शाळेतून १९७५ साली दहावी झाले, म्हणजे अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची एस.एस.सी. आली त्या पहिल्या तुकडीत. पुढे १९८१ पासून निवृत्तीपर्यंत याच शाळेत इतिहास शिकवला. तेव्हा मला इतिहासावरच लिहू द्या, असे मी म्हटले. मात्र हा इतिहास लढायांचा आणि तहांचा नाही. ज्याच्यासाठी तुम्ही पुरवण्यांवर पुरवण्या जोडल्या आणि मी लाल पेनांची खोकी संपवली, त्या प्रश्नाचा हा इतिहास आहे : ‘सविस्तर उत्तर लिहा. (गुण ८)’

मुलांनो (तुमच्यातले काही आता आजोबा झाले आहेत, तरी मला असेच म्हणावेसे वाटते), त्या कंसातल्या आठाचा मला तुम्हाला हिशोब द्यायचा आहे. तो शेवटी देते. आधी हा प्रश्न आला कुठून, ते पाहू.

तोंडी परीक्षेचे दिवस

लेखी परीक्षा आपल्याकडे फार जुनी नाही. पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्याला दक्षिणा वाटली जाई. तेव्हा विद्वानांची पारख व्हायची ती तोंडी. इंग्रजी अमलातल्या सुरुवातीच्या शाळांतही परीक्षा हा जाहीर समारंभ असे. १८५२-५३ च्या सुमारास जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील मुलींच्या शाळांच्या परीक्षा झाल्या, तेव्हा त्या बघायला लोकांनी गर्दी केली होती. मुलगी उभी राहते, परीक्षक प्रश्न विचारतात, ती उत्तर देते आणि ते उत्तर सगळी सभा ऐकते, असा तो प्रकार.

या पद्धतीत दोष पुष्कळ होते. प्रत्येकाला प्रश्न वेगळा, एकाला सोपा तर दुसऱ्याला अवघड. धीट मूल तरून जाई, बुजरे गप्प होई. पण एक गुणही होता. उत्तर ऐकणारा परीक्षक एकटा नसे. त्याने अन्याय केलाच, तर तो चारचौघांसमोर होई.

खळ आणि लाल शाई

लेखी उत्तरावरून माणूस निवडण्याची पद्धत फार पूर्वी आणि फार मोठ्या प्रमाणावर चालवली ती चीनने. सातव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे सरकारी अधिकारी निवडण्यासाठी परीक्षा सुरू झाल्या आणि मधले खंड सोडले तर १९०५ पर्यंत, म्हणजे सुमारे १३०० वर्षे, चालल्या. सुंग राजवटीत, म्हणजे दहाव्या शतकाच्या अखेरीपासून, तिथल्या लोकांनी दोन उपाय काढले. पहिला, उत्तरपत्रिकेवरचे नाव कागद चिकटवून झाकायचे. दुसरा त्याहून खर्चिक होता. अक्षरावरूनही ओळख पटते म्हणून कारकुनांकडून सगळी उत्तरपत्रिका नक्कल करून घ्यायची आणि परीक्षकापुढे नक्कल ठेवायची. पुढच्या राजवटींत परीक्षार्थी काळ्या शाईने लिहीत आणि कारकून लाल शाईने उतरवून काढत. म्हणजे लाल शाईचा परीक्षेशी संबंध आपल्या शाळेच्या किती तरी आधीचा आहे!

पण नाव झाकले तरी एक अडचण उरलीच. मोकळ्या निबंधाला गुण द्यायचे कसे? मिंग काळात यावर उत्तर निघाले ते ठरावीक आठ भागांच्या निबंधाचे. कोणत्या भागात काय यायचे हे आधीच ठरलेले. तपासणे सोपे झाले. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली, ती तुम्ही ओळखली असेल. यशस्वी निबंधांचे छापील संग्रह बाजारात आले आणि मुले ते पाठ करू लागली. ‘२१ अपेक्षित’ची कल्पना आपली नव्हे, इतकेच इथे नोंदवते. तपासणाऱ्याची सोय झाली की पाठांतर करणाऱ्याचीही सोय होते, हा धडा मात्र जुना आहे.

मुंबईत लेखी परीक्षा येते

पाश्चात्त्य देशांत शाळांच्या लेखी परीक्षेचे एक ठळक उदाहरण १८४५ मधले, अमेरिकेतील बोस्टन शहराचे आहे. तिथे होरेस मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडी परीक्षेऐवजी छापील प्रश्न दिले. त्यामागची कारणे पटण्याजोगी होती. सगळ्यांना एकच प्रश्न, एकच वेळ. शिक्षक मध्येच सुचवू शकत नाही. आणि उत्तर कागदावर राहते, त्यामुळे ते नंतर कोणीही पडताळू शकतो. यातले शेवटचे कारण लक्षात ठेवा.

इंग्रजांनी हिंदुस्थानातील सनदी नोकऱ्यांसाठी पहिली खुली स्पर्धापरीक्षा लंडनला घेतली ती १८५५ मध्ये. दोन वर्षांनी, जुलै १८५७ मध्ये, उत्तरेत उठाव पेटलेला असतानाच मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक झाली. त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पुढे शंभर वर्षे मराठी घरांत ‘मॅट्रिक पास’ आणि ‘मॅट्रिक नापास’ हे शब्द माणसाच्या नावापुढे पदवीसारखे लागत राहिले.

याच रानड्यांच्या चरित्रांत एक हकीकत येते. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि इंग्रजी राज्य कमी ठरवले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट हे विद्वान गृहस्थ. रानड्यांच्या बुद्धीबद्दल त्यांना आदर होता. पण जे सरकार आपल्याला शिकवते त्याची निंदा करू नये, अशी समज त्यांनी रानड्यांना दिली आणि त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद ठेवली.

मी दरवर्षी ही गोष्ट नववीच्या वर्गात सांगायची. मुले म्हणायची, ‘बाई, इंग्रज तो, असेच करणार!’ मीही हसायची. फार उशिरा माझ्या लक्षात आले की गोष्ट नुसती इंग्रजाची नाही, ती निबंध तपासणाऱ्याची आहे. प्रश्नात ‘तुलना करा’ म्हणायचे, आणि मुलाने खरोखर तुलना केली की आपल्या मनातले उत्तर आले नाही म्हणून गुण कापायचे, हे ग्रँटसाहेबांनंतरही चालू आहे. ते इतिहासाच्या बाईंनीही केले आहे.

परीक्षकांचीच परीक्षा

परीक्षकाचे माप किती भरवशाचे आहे हे मोजण्याचा विचार एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झाला. इंग्लंडमध्ये एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने लॅटिन गद्याचा एकच उतारा २८ जाणकारांकडून तपासून घेतला. शंभरपैकी गुण आले ४५ पासून १०० पर्यंत. १९१२ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिका हुबेहूब छापून अनेक शाळांना पाठवल्या. १४२ शिक्षकांचे गुण हाती आले. एकाच उत्तरपत्रिकेला कोणी ६४ दिले होते, कोणी ९८. दुसरीला ५० पासून नव्वदीच्या पुढेपर्यंत. लोक म्हणाले, भाषेचा पेपर, असे व्हायचेच. पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीचा पेपर घेतला, तर तफावत आणखी वाढली.

पण मला अस्वस्थ केले ते तिसऱ्या प्रयोगाने. तो इतिहासाच्या पेपरवरचा आहे, आणि तो करणाऱ्याचे नाव आपल्याकडच्या प्रत्येक शिक्षकाने बी.एड.ला पाठ केलेले असते. सर फिलिप हार्टोग. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. १९२९ च्या हार्टोग समितीचे अध्यक्ष. ‘हार्टोग समिती : गळती व स्थगिती’ अशी टीप आम्ही डोळे मिटून लिहायचो. गळती म्हणजे मुलाने शिक्षण पुरे होण्याआधी शाळा सोडणे. स्थगिती म्हणजे त्याच वर्गात पुन्हा बसणे.

याच हार्टोगांनी इंग्लंडला परतल्यावर रोड्स या सहकाऱ्याबरोबर १९३५ मध्ये परीक्षांची परीक्षा घेणारे एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांनी इतिहासाच्या अशा १५ उत्तरपत्रिका निवडल्या, ज्यांना मूळ परीक्षेत अगदी सारखे, मध्यम गुण होते. त्या १५ अनुभवी परीक्षकांकडून तपासून घेतल्या. मग वर्ष-दीड वर्ष जाऊ दिले आणि त्यांतल्याच १४ परीक्षकांना त्याच उत्तरपत्रिका पुन्हा तपासायला दिल्या. पहिले गुण अर्थातच दाखवले नाहीत. नापास, पास की विशेष श्रेणी, असे २१० निर्णय दुसऱ्यांदा झाले. त्यांतले ९२ पहिल्यापेक्षा वेगळे निघाले.

दोन शिक्षकांचे एकमेकांशी पटत नाही, हे आपण समजू शकतो. इथे माणसाचे स्वतःशीच पटत नव्हते.

आपल्याकडचे उपाय

आपल्याकडे परीक्षांबद्दल तक्रार नवी नाही. कर्झनच्या काळात १९०२ च्या विद्यापीठ आयोगाने, शिकवणे हे परीक्षेचे गुलाम झाले आहे, अशा अर्थाची खंत नोंदवली होती. स्वातंत्र्यानंतर १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने तर एकच सुधारणा सुचवायची झाल्यास ती परीक्षेची सुचवू, असा कौल दिला. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेचे बेंजामिन ब्लूम परीक्षा-सुधारणेसाठी भारतात आले, शिक्षकांच्या कार्यशाळा झाल्या आणि १९५८ मध्ये केंद्रीय परीक्षा एकक निघाले. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य ही आमची चार उद्दिष्टे आणि प्रश्नपत्रिकेआधी काढायचा तो संविधान तक्ता, ही त्याच प्रवाहातून आलेली मंडळी. बोर्डाने परीक्षकाच्या वर नियामक आणि त्याच्या वर मुख्य नियामक बसवले. आदर्श उत्तरपत्रिका दिली. आता तर उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो. चिनी कारकुनाच्या खळीची जागा स्टिकरने घेतली.

हे सगळे बोर्डाच्या परीक्षेत. पण मुले बोर्डापर्यंत पोहोचतात ती शाळेच्या परीक्षांतून. आणि तिथे, विशेषतः नववीच्या वार्षिक परीक्षेत, रात्री जेवणानंतर पेपरचा गठ्ठा घेऊन बसलेल्या एकट्या शिक्षकावर ना नियामक असतो, ना सभा. बोस्टनवाल्यांनी म्हटल्याप्रमाणे उत्तर कागदावर राहते खरे. पण ते दुसरे कोणी वाचत नाही.

खोलीतला गठ्ठा

१९९३ साली मी एम.एड. करत होते. शिक्षणशास्त्र महाविद्यालयाच्या ग्रंथालयात हार्टोगांच्या प्रयोगाची हकीकत वाचली आणि मला ती माझ्यापुरती खोटी ठरवायची होती. दिवाळीच्या सुट्टीत मी शाळेच्या अडगळीच्या खोलीतून एप्रिलच्या नववीच्या वार्षिक परीक्षेतला एका तुकडीचा गठ्ठा काढला. ३८ पेपर. मी गुण समासात लिहीत असे, उत्तराच्या मजकुरात खुणा करत नसे. एका सहकारी बाईंनी कार्यालयातली खळ घेऊन प्रत्येक समासावर कागदाची पट्टी लावून दिली. पुढची पाने दुमडली. मग मी एकच प्रश्न पुन्हा तपासला : ‘१८५७ च्या उठावाच्या अपयशाची कारणे सविस्तर लिहा. (गुण ८)’

पट्ट्या सोडवल्या तेव्हा १२ पेपरांत गुण तेच होते. १७ मध्ये एका गुणाचा फरक. ९ मध्ये दोन किंवा त्याहून जास्त. सहा-सात महिन्यांपूर्वीच्या माझ्याशी माझेच पटत नव्हते.

त्या नऊंपैकी एका पेपरात आधी २ होते आणि आता मी ५ दिले होते. मुलाचे अक्षर किरटे होते. एप्रिलमध्ये तो गठ्ठ्याच्या शेवटाकडे आला होता, दोन हुशार मुलींच्या पेपरांनंतर. तेव्हा माझ्या मनात गाईडमधले पाच मुद्दे होते : नेतृत्वाचा अभाव, शस्त्रांची कमतरता, एकसूत्रीपणा नसणे, संस्थानिकांची इंग्रजांना साथ, दळणवळणाची साधने इंग्रजांच्या हाती. या मुलाने पाचातला एकच, शेवटचा, लिहिला होता. मी एका मुद्द्याचे दोन गुण देऊन पुढे गेले होते.

पण त्याने तो एक मुद्दा दीड पानभर लिहिला होता. त्याचे वडील तार ऑफिसात होते. उठावाची बातमी दिल्लीहून तारेने पंजाबात आधी पोहोचल्यामुळे तिथल्या इंग्रजांना सावध व्हायला वेळ मिळाला, हे त्याने लिहिले होते. शिपायांची बातमी माणसाच्या पायांनी जात होती आणि इंग्रजांची तारेने, म्हणून शूर असूनही शिपायांना एकमेकांची वेळ साधता आली नाही, असे त्याने मांडले होते. म्हणजे एकसूत्रीपणा का नव्हता, याचे कारणच तो देत होता. गाईडमध्ये हे दोन मुद्दे शेजारी-शेजारी होते. त्याने त्यांचा संबंध जोडला होता. त्या गठ्ठ्यातला खरा इतिहास त्या दीड पानात होता आणि मी तो मोजणीत बसला नाही म्हणून सोडला होता.

तो मुलगा त्या वर्षी इतिहासात दोन गुणांनी नापास झाला होता. सवलतीचे गुण गणितातच संपले होते.

सुट्टी संपल्यावर मी मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढले. मुलाने जूनमध्येच दाखला नेला होता. कारणाच्या रकान्यात लिहिले होते, ‘पालकांच्या विनंतीवरून’. असेच लिहायची पद्धत आहे. त्याच्या घरचा पत्ता घेऊन मी गेले, तर वडिलांची बदली होऊन ते कुटुंब दुसरीकडे गेले होते. बी.एड.ला पाठ केलेली हार्टोगांची ती टीप मला तेव्हा समजली. गळतीचा आणि गुणदानाचा अभ्यास करणारा माणूस एकच असावा, हा योगायोग नव्हता असे मला वाटते.

नंतर मी काय बदलले

त्यानंतरची वीस-एक वर्षे मी पेपर वेगळ्या रीतीने तपासले. प्रश्नपत्रिका छापायला देण्याआधी प्रत्येक मोठ्या प्रश्नाचे उत्तर स्वतः लिहून पाहायची. ते लिहिताना निम्म्या वेळा कळायचे की प्रश्नच मोघम आहे. ‘कारणे सविस्तर लिहा’ यात किती कारणे, किती सविस्तर, हे मुलाने माझ्या मनातून ओळखायचे असते. मग मी प्रश्न बदलला : ‘१८५७ चा उठाव अयशस्वी का झाला? तुम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे कारण निवडा आणि दुसरे एखादे कारण त्यापेक्षा कमी महत्त्वाचे का, ते सांगा.’ शेजारी गुणांची फोड छापली : माहितीला ३, कारणे जोडण्याला ३, मांडणीला २. तुमच्यातल्या काहींनी तेव्हा तक्रार केली होती की बाई अवघड विचारतात. खरे तर काय विचारले आहे, ते मी पहिल्यांदाच सांगत होते.

तपासताना सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, अशा रीतीने गठ्ठा फिरवायची, म्हणजे आधीच्या उत्तराचे इंप्रेशन पुढच्यावर पडत नसे. दर प्रश्नाला गठ्ठ्याचा क्रम बदलायची. नाव असलेले पान दुमडून ठेवायची. काठावर नापास होणारे पेपर दुसऱ्या बाईंना दाखवल्याशिवाय गुण पक्के करायचे नाहीत, असा आम्ही चौघींनी आपसात नियम केला. याला वेळ लागायचा. एप्रिलमध्ये घरचे वैतागायचे. गुण तरीही अचूक झाले असे मी म्हणणार नाही. पण चूक झाली तर ती एकटीच्या खोलीत होणार नाही, एवढी तजवीज झाली.

एक विनंती

आपल्या स्नेहमेळाव्याची बोलावण्याची यादी संपादक मंडळाने मला दाखवली. ती दहावीच्या निकालपत्रकांवरून केली आहे. सोयीचे तेच होते. पण त्यामुळे नववीत राहिलेली, दाखला घेऊन गेलेली मुले त्या यादीत नाहीत. त्यांनीही याच बाकांवर आठ-नऊ वर्षे काढली आहेत, याच पटांगणावर प्रार्थना म्हटली आहे. जनरल रजिस्टर अजून कार्यालयातल्या लोखंडी कपाटात आहे. पुढच्या मेळाव्याची यादी त्यावरून करावी, अशी माझी समितीला विनंती आहे. नावे शोधायचे काम मी करीन. निवृत्त माणसाला वेळ भरपूर असतो.

आणि तुमच्यापैकी कोणाच्या वर्गात, १९९२-९३ साली नववीत, तार ऑफिसातल्या नोकरदाराचा मुलगा असेल आणि तो आता कुठे आहे हे ठाऊक असेल, तर मला कळवा. रद्दीच्या वेळी मी त्याच्या पेपरातली ती पाने काढून ठेवली. समासात २ लिहिलेला आहे, त्याच्यावर चिकटवलेल्या पट्टीवर ५. ती पाने मला त्याला द्यायची आहेत.